शेगडीच्या राणीनं चुली विझवल्या

एकदा काय झालं, एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक राज्य होतं. त्या राज्याचं नाव होतं शेगडी. हसू नका. चिमे, तूसुद्धा. हसायचंच असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फार थोडं आहे.

तर हे शेगडी इतकं लहान, इतकं लहान, की राणीला ठसका लागला तर वेशीवरचा पहारेकरी ओरडायचा, "राणीसाहेब, पाणी प्या!" राजवाडा म्हणजे काय, चार खोल्या आणि मागे गोठा. सैन्य म्हणजे तो एक पहारेकरी, आणि तोही दुपारी गुरं चारायला जायचा. एक प्रधान होते, गुंडोपंत नावाचे. कुणी काहीही म्हटलं की "सबुरीनं घ्या" म्हणायचं, हेच त्यांचं काम. आणि ते काम ते मन लावून करायचे.

राणीचं नाव कोंडाई. राजा फार मागेच वारला होता. घरात राणी आणि तिच्या म्हाताऱ्या सासूबाई. स्वयंपाक राणीच करायची, राज्यही तीच करायची. मनानं चांगली होती, पण रागीट, बरं का. दूध उतू जातं ना, तसा तिचा राग भस्सकन वर यायचा. आणि मग सांडलेलं पुसत बसायलाही तीच.

आता विस्तवाचं ऐका. तेव्हा काडेपेटी नव्हती. विस्तव पेटवायचा कसा, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. होता तो जपायचा. रात्री राखेखाली झाकायचा, सकाळी फुंकणीनं फुंकून जागा करायचा. पहिला विस्तव शेगडीतल्या कुठल्याशा खापरपणजीनं आणला म्हणे. कुठून आणला, ते ती सांगायला विसरली. मग सगळ्या जगाला विस्तव मिळायचा तो शेगडीतूनच. कुणी खापरावर न्यायचं, कुणी पळीत, कुणी गोवरीवर.

आणि तो विस्तव साधासुधा नव्हता. ज्यानं नेला, त्याच्याच हातानं तो विझायचा. दुसऱ्या कुणी पाणी ओता, माती टाका, विझायचा नाही. जोवर शेगडीत एक जरी जाळ जिवंत आहे, तोवर तिथून नेलेला विस्तव जगात कुठेही जिवंत. अशी त्याची करामत.

शेगडीची एक रीत होती. विस्तव मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. आणि कशाला हवा, हेही विचारायचं नाही. विचारणं म्हणजे अपमान. फार मोठ्या मनाची रीत, असं शेगडीतल्या लोकांना वाटायचं. मलाही पूर्वी वाटायचं.

डोंगराच्या खाली एक देश होता, भातखोरं. सगळीकडे भाताची खाचरं, मधून नदी, आणि नव्या तांदळाचा असा वास यायचा की वर शेगडीत बसून भूक लागावी. तिथं हौसा नावाची बाई राहायची. दर सुगीला ती नव्या भाताचे पोहे घेऊन घाट चढून यायची आणि जाताना गोवरीवर निखारा घेऊन उतरायची. हौसा आणि कोंडाई चुलीपुढे बसल्या की उठायच्याच नाहीत. सासूबाई आतून ओरडायच्या, "अगं, राज्य आहे ना आपल्याला?"

आणि पलीकडे होता एक राजा. त्याचं नाव अजस्रसेन. तीन दिशांना त्याचंच राज्य. इतकं मोठं, की एका टोकाला पाऊस पडला तर दुसऱ्या टोकाला त्याची बातमी जाईपर्यंत पीक कापून व्हायचं. एवढं असून त्याच्या डोळ्यांत भातखोरं खुपायला लागलं. का? काही कारण नव्हतं. नीट ऐका, काहीही कारण नव्हतं. मग त्यानं कारण तयार केलं. म्हणाला, "भातखोरं म्हणजे मुळात माझंच अंगण. मधे चुकून कुंपण पडलंय." आता मला सांगा, दुसऱ्याच्या घरात शिरून 'हे माझंच' म्हणणाऱ्याला काय म्हणतात? चोर. बरोबर. डोक्यावर मुकुट घातला म्हणून काय झालं, चोर तो चोरच.

मग तो चोर लष्कर घेऊन निघाला. भातखोऱ्याच्या सीमेवर त्याची छावणी पडली. पण वाटेत नदी ओलांडताना विस्तवाच्या हंड्या वाहून गेल्या होत्या. मग त्याची माणसं आली शेगडीत.

पहिल्यांदा आला एक आचारी. हातात पळी. म्हणाला, "बाईसाहेब, थोडा विस्तव द्याल का?" कोंडाईनं चुलीतून एक निखारा पळीत टाकला. आचारी गेला.

दुसऱ्यांदा आला एक स्वार. हातात तवा. त्यानंही मागितलं, कोंडाईनं दिलं. तवाभर दिलं.

तिसऱ्यांदा आला सेनापती. मागे चार जणांनी उचललेली कढई. लग्नातल्या पंगतीला लागते ना, तेवढी. त्यानं वाकून नमस्कार केला, गोड हसला, आणि म्हणाला, "राणीसाहेब, शेगडीची रीत आम्ही ऐकून आहोत."

कोंडाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कढईभर विस्तव? एवढ्या विस्तवावर काय शिजवणार हे लोक? ओठांवर आलं होतं, 'कशाला हवाय?' पण रीत होती ना. शेजारी गुंडोपंत उभे होते. ते कानाशी कुजबुजले, "सबुरीनं घ्या. मोठ्या राजाची माणसं आहेत." मग कोंडाईनं प्रश्न गिळला. तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या फावडीनं ती कढई भरून दिली. सेनापतीनं पुन्हा वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाई अंगणात सडा घालत होती. खाली बघते तो काय? भातखोरं दिसतच नव्हतं. नुसता धूर. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत काळा धूर.

भात कापून उडव्या रचून ठेवल्या होत्या, त्या पेटवल्या. खळी पेटवली. गोठे पेटवले, गुरं सोडायची तसदी घेतली नाही. घरं पेटवली. लोक नदीवरून हंडे भरभरून आणत होते आणि ओतत होते. आग ढिम्म. पाणी पडलं की उलट हसल्यासारखी वर उठायची. कशी विझणार? ती शेगडीची होती, आणि नेणारे हात अजस्रसेनाचे होते.

मग लोक घाट चढून वर यायला लागले. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या पाठीवर म्हातारी, कुणाच्या हातात नुसतंच एक जातं. घाबरलं की माणूस काय हाताला लागेल ते उचलतो. त्यांत हौसा होती. तोंड काजळीनं काळं, पदर अर्धा जळलेला. ती सरळ राजवाड्याच्या स्वयंपाकघरात आली. दर सुगीला यायची तशीच आली, पण बसली नाही. चुलीकडे बघत उभी राहिली.

"ह्योच न्हवं त्यो इस्तव?" ती म्हणाली.

कोंडाईनं तिच्यापुढे पाट सरकवला.

"आक्का, पाणी घालून घालून माझं हात सोलून निघालं. इझंना. माज्या घरावर तुमचा इस्तव व्हता."

कोंडाईला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण पोटात जावं. पण धरणी काही दुभंगली नाही. असं वाटलं म्हणून ती दुभंगत नसते. मग कोंडाईला राग आला. आधी स्वतःचा आला, कढई भरणाऱ्या त्या हातांचा. मग रीतीचा आला. 'कशाला हवा' एवढं विचारायलाही जिला लाज वाटते, ती कसली मोठ्या मनाची रीत? आणि मग आला त्या सेनापतीचा, त्याच्या गोड हसण्याचा, आणि त्याच्या राजाचा. हा राग उतू जाणाऱ्या दुधासारखा नव्हता, बरं का. हा आत बसला आणि खाली उतरेचना.

तिनं चावडीवर सगळ्यांना बोलावलं. गुंडोपंत उभे राहिले. "झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण आपण काय करणार? आपलं राज्य तळहाताएवढं. शिवाय आपण रीतीप्रमाणे वागलो, आपल्याकडे दोष येत नाही. भातखोऱ्याच्या लोकांना चार दिवस जेवू घालू. सहानुभूतीचा एक निरोप पाठवू. आणि सबुरीनं..."

"पंत," कोंडाई म्हणाली, "सबुरी हा शब्द आज पुन्हा तुमच्या तोंडून निघाला, तर मी तुम्हाला गोठ्यात बांधीन."

पंत खाली बसले.

"त्यांची घरं कुणाच्या विस्तवानं जळताहेत? आपल्या. तो अजून जळतोय का? जळतोय. का जळतोय? कारण आपल्या चुली पेटलेल्या आहेत. आणि आपण इथं बसून निरोपात काय लिहायचं ते ठरवतोय!"

 तिच्या मनात काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं, आणि ते ऐकायला कुणालाच नको होतं. शेगडीतल्या सगळ्या चुली विझवायच्या. सगळ्या. मग अजस्रसेनाची आगही विझेल. पण मग जगात विस्तवच उरणार नाही. पुन्हा कुठून आणायचा? खापरपणजी तर सांगायला विसरली होती. आणि दिवस होते पौषाचे. डोंगरावर अशी थंडी, की हंड्यातल्या पाण्यावर सकाळी साय धरल्यासारखा बर्फ.

मग कोंडाई हौसाकडे वळली. "हौसा, आमच्या चुली विझल्या तर तुमच्या खोऱ्यात उरलेल्या चुलीही विझतील. एकही राहायची नाही. तुला विचारल्याशिवाय मी हे करणार नाही. आता तरी विचारते."

हौसा हसली. कसली हसली, दात दाखवले नुसते. "कंच्या चुली, आक्का? आमच्या चुलींवर कौलं पडल्यात. इझवा!"

मग विझवायला सुरुवात झाली. राणीला हुकूम सोडून भागणार नव्हतं, कारण ज्यानं जाळ घरात आणला किंवा रोज जागा केला, त्याच्याच हातानं तो विझायचा. प्रत्येक घरानं आपापली चूल आपणच विझवायची. कोंडाईनं सगळ्यात आधी स्वतःची विझवली. तांब्याभर पाणी ओतलं. चूल चर्र करून एकदा किंचाळली आणि गप्प झाली. असा आवाज शेगडीत कधीच कुणी ऐकला नव्हता. लहान मुलं रडायला लागली.

मग ती एकेका घरी गेली. एका घरात बाळंतीण होती. खाटेखाली शेकाची शेगडी, कुशीत इवलंसं बाळ. कोंडाई उंबऱ्यातच थांबली. तिची काही हिंमत होईना. तर ती बाळंतीणच म्हणाली, "आत या की. माझ्या बाळाला गोधड्या आहेत. खालच्या पोरांना तर छप्परही नाही ठेवलं मेल्यांनी." आणि तिनं हात खाली सोडून शेगडीत पाणी ओतलं.

मग लोहार. त्याचं तर पोटच भट्टीवर. तो भट्टीपुढे बराच वेळ बसून राहिला. मग एकदम उठला, त्यानं एक सणसणीत शिवी हासडली, कुठली ते मी तुम्हाला सांगणार नाही, आणि घागर पालथी केली.

मग गुंडोपंत. त्यांच्या दारात कोंडाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पंतांनी तोंड उघडलं, मग गोठा आठवला, मग मिटलं. त्यांनी चूल विझवली. मोहरीएवढी ठिणगीसुद्धा ठेवली नाही, हे मान्य करायला हवं.

संध्याकाळच्या आत शेगडीतला धूर थांबला. सगळे कड्यावर जमले आणि खाली बघायला लागले. खाली आग तशीच. गावामागून गाव, तशीच.

"कुणीतरी चूल ठेवली आहे!" कोंडाई ओरडली. "कोण आहे तो? पुढे या!" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पुन्हा घरोघर शोधलं, राखेत हात घालघालून शोधलं. कुठेच काही नाही. कोंडाई पाय आपटत राजवाड्यात परत आली, आणि देवघराच्या दारात उभी राहिली. आत उजेड होता.

नंदादीप! देवापुढचा दिवा. चुली चुली करता करता त्याची आठवणच कुणाला झाली नव्हती. देवाच्या दिव्याला कोण विस्तव म्हणतं? पण वात लावली होती ती चुलीतल्याच काडीनं. सासूबाई नवी नवरी होऊन या घरात आल्या, तेव्हा त्यांनी लावली होती. तेव्हापासून कधी शांत झाली नव्हती. घरात राजा गेला त्या दिवशीसुद्धा नाही.

दिव्यापुढे सासूबाई बसल्या होत्या, जपमाळ घेऊन.

"आत्याबाई," कोंडाई म्हणाली, "हा दिवा..."

"बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "चूल विझवलीस, मी बोलले नाही. कच्चे पोहे खाईन, थंडीनं मरेन. पण या दिव्याला हात लावायचा नाही. देव अंधारात ठेवतेस? शोभतं तुला?"

"मला नाही विझवता येत, आत्याबाई! येत असता तर तुम्हाला विचारलं नसतं! तुम्ही लावलाय, तुम्हालाच विझवावा लागेल. आणि तुम्ही माळ ओढेपर्यंत तिकडे आणखी एक गाव जळेल!"

सुनेनं सासूवर आवाज चढवू नये म्हणतात. पण कोंडाईनं चढवला, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. सासूबाई हलल्या नाहीत. माळ ओढत राहिल्या. कोंडाई दारात उभी. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागाचंच.

इतक्यात हौसा मागून आली. देवघराच्या भिंतीला टेकून बसली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या काळ्या तोंडाकडे, सोललेल्या हातांकडे.

"तुझं देवघर गं?" त्यांनी विचारलं.

"जळालं."

"आणि देव? देव तरी घेतलेस का बाहेर?"

"न्हाई जमलं, आजी. पोरं घेतली." हौसा म्हणाली. "राख उकरली मी मागनं. पितळंचं व्हतं द्येव. वितळून गोळा झालाय. कंचा कंचा त्ये वळखू यीना."

सासूबाईंच्या हातातली माळ थांबली. त्यांनी आपल्या देवांकडे बघितलं. लखलखीत, रोज चिंचेनं घासलेले. मग त्यांचा चेहरा असा झाला, की कोंडाईनं तो तसा कधी पाहिला नव्हता. आत्तापर्यंत त्या घरात रागीट म्हणून कोंडाईचंच नाव होतं.

"देव वितळवले?" त्या म्हणाल्या. "बायका-पोरांची घरं जाळली, देव वितळवले, आणि तेही माझ्या घरच्या विस्तवानं? आणि मी इथं बसून तूप घालतेय त्याला? देवाला अंधारात बसता येतं. त्याला काही कळत नाही असं नाही. पण हिच्या पोरांना आगीत नाही बसता येत!"

आणि त्यांनी सुरकुतलेली दोन बोटं पुढे केली आणि ती ज्योत चिमटीत धरली. देवघर काळंकुट्ट झालं.

कड्यावरून एकदम आरडाओरडा झाला. सगळे धावले. खाली भातखोऱ्यातली आग गेली होती. एकदम गेली, फुंकर मारावी तशी. मशाली गेल्या. तोफांच्या बत्त्या गेल्या. छावणीतल्या चुली गेल्या. आणि दूर अजस्रसेनाच्या राजधानीतला मुदपाकखानाही थंड पडला, बरं का. तिथल्या बायकांनी विचारलं, हे कशानं झालं? आणि कळलं तेव्हा त्यांनी राजाच्या नावानं बोटं मोडली. मोडू देत.

मग लष्कराचे हाल सुरू झाले. कच्चे तांदूळ किती खाणार? पोटं दुखायला लागली. हातपाय गारठले. तलवारी होत्या हो, पण तलवार धरायला बोटं वळावी लागतात. शेवटी खुद्द अजस्रसेन घाट चढून वर आला. मुकुटावर दव, नाक लालभडक. मागे त्याचे शिपाई कुडकुडत. सेनापती होता, तो आचारीही होता, हातात रिकामी पळी घेऊन.

"विस्तव द्या," अजस्रसेन म्हणाला.

"आमच्याकडे विस्तव मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत," कोंडाई म्हणाली. "चूल ही समोर आहे. घ्या."

त्यानं चुलीत हात घातला. राख. दुसऱ्या घरात गेला. राख. लोहाराच्या भट्टीत कोपरापर्यंत हात घातला. थंडगार राख. सगळं राज्य त्यानं उकरलं. राज्य होतं केवढंसं! शेवटी कोपरापर्यंत करडा झालेला तो राजा चावडीपुढे येऊन उभा राहिला आणि गरजला, "विस्तव लपवताय! मी हे सगळं राज्य जाळून टाकीन!"

कोंडाई दोन पावलं पुढे आली.

"कशानं?" तिनं विचारलं.

अजस्रसेनानं मागे वळून सेनापतीकडे पाहिलं.

"नाही, सांगा ना. जाळणार म्हणता, तर कशानं जाळणार? आहे का तुमच्याकडे काही? तुमचं एवढं मोठं राज्य, इकडून तिकडे घोडा दमतो, त्यात एक ठिणगी नाही! मागून आणलेल्या विस्तवावर मर्दुमकी दाखवत होतास होय रे? आणि आग लावलीस ती कुणाच्या घराला? ज्यांनी तुझं काडीचं वाकडं केलं नाही त्यांच्या! लाज नाही वाटली? हिचे देव वितळवलेस तू. ये इकडे, हिच्याकडे बघ आणि सांग, ते तुझं अंगण होतं म्हणून!"

तिनं हौसाचा हात धरून तिला पुढे उभं केलं. अजस्रसेनानं हौसाकडे बघितलं नाही. असल्यांना बघता येत नाही. मागे एक शिपाई खुसकन हसला. मग दुसरा. मग त्या आचाऱ्यानं आपली पळी जमिनीवर ठेवली, पाठ फिरवली आणि घाट उतरायला लागला. त्याच्या मागून चार जण निघाले, मग चाळीस, मग मोजायला कोण बसलंय! राजा ओरडत राहिला आणि लष्कर घरी गेलं. सेनापतीसुद्धा गेला. जाताना त्यानं वाकून नमस्कार नाही केला. मग एकटा राजा तरी काय करणार? तोही गेला.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. संपते कशी? विस्तव कुठंय?

तो हिवाळा फार वाईट गेला. शेगडीचे लोक आणि भातखोऱ्याचे लोक एकेका घरात दाटीवाटीनं राहिले, एका गोधडीत चार चार. भिजवलेले हरभरे खाल्ले, पोहे खाल्ले. चहा नाही, भाकरी नाही. भांडणंही झाली. पण एकानंही म्हटलं नाही, की उगीच विझवलं.

मग थंडी सरली आणि सगळे मिळून खाली भातखोऱ्यात घरं बांधायला उतरले. पहिलं घर हौसाचं घेतलं. लोहार जोत्याचा काळा दगड फोडत होता. घणाखाली पहार, पहारीखाली दगड. ठण्ण! एक ठिणगी उडाली आणि शेजारी गवत होतं त्यात पडली. गवतातून इवलासा धूर निघाला. सगळे जागच्या जागी थिजले. मग सासूबाई एवढ्या म्हाताऱ्या, पण गुडघ्यांवर बसल्या आणि हळूच फुंकर घातली.

लोहारानं कपाळावर हात मारला. आयुष्यभर तो ठिणग्या उडवत होता. पण भट्टी शेजारीच पेटलेली असायची, मग ठिणगीकडे बघतो कोण? आता तू विचारशील चिमे, की मग अजस्रसेनाच्या लोकांना हे का नाही सुचलं? अगं, त्याच्याबरोबर होती ती सगळी घरं पाडणारी माणसं. घर बांधायला दगड फोडणारा त्यांत एक नव्हता.

मग त्या विस्तवावर हौसाच्या अर्ध्या बांधलेल्या घरात भात शिजला. वर छप्पर नव्हतं, त्यामुळे वास पार वरपर्यंत गेला. सगळे पंगतीला बसले. कोंडाई हौसाच्या शेजारी. पहिला घास घेतला आणि कोंडाईला राहवेना. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "हौसा, तुझा राग गेला का गं?"

"न्हाई," हौसा म्हणाली. "त्या मेल्याचा न्हाई ग्येला. आन् तुमी कढई भरून दिलीसा, त्येचाबी न्हाई ग्येला, आक्का. खोटं कशाला बोलू?"

"माझाही नाही गेला," कोंडाई म्हणाली. "दोन्हींचा."

हौसानं तिच्या पानाकडे बघितलं. भात संपला होता. तिनं डाव उचलला आणि चांगला वाफाळता, शिगोशीग भात तिच्या पानात वाढला.

"मग जेवा नीट," ती म्हणाली. "त्यो पुन्यांदा यील. उपाशीपोटी राग टिकत न्हाई."

मग दोघी पोटभर जेवल्या. भातखोऱ्यात घरं उभी राहिली, शेगडीत चुली पेटल्या, आणि सगळे सुखानं नांदायला लागले, रागासकट. चला, आता पाय आत घ्या. पांघरूण मानेपर्यंत ओढा, डोळे मिटा. आणि कोणावर राग आला असेल ना, तर तो सकाळपर्यंत उशाला ठेवा. झोपेत कुठे जात नाही तो.